मदत हवी आहे: ध्रुवांवर उतरणारी ऊर्जा मोजताना बेसलाइन (जिथून बदल मोजायचा ती शून्य पातळी) कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एमएस्सी फिजिक्स करतोय. प्रोजेक्ट 17 मार्च 2015 च्या भूचुंबकीय वादळावर (सौरवाऱ्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघतं, त्यावर) आहे: ध्रुवांवरच्या वरच्या वातावरणात ऊर्जा किती उतरली?

डीएमएसपी हे अमेरिकी लष्कराचे हवामान उपग्रह साधारण 850 किमीवरून आयनांचा वेग, चुंबकीय क्षेत्र आणि वरून येणारे कण मोजतात. आयनांच्या वेगावरून विद्युत क्षेत्र मिळतं. ते 50 मिलिव्होल्ट प्रति मीटर आणि त्याला काटकोनात चुंबकीय बदल 500 नॅनोटेस्ला असेल, तर पॉइंटिंग फ्लक्स (विद्युतचुंबकीय वाटेने येणारी ऊर्जा) चौरस मीटरला सुमारे 20 मिलिवॅट येतो. इथवर जमलंय.

अडचण बेसलाइनची. आयजीआरएफ (पृथ्वीच्या मूळ चुंबकीय क्षेत्राचं प्रमाण मॉडेल) वजा करूनही चुंबकीय नोंदीत हळू सरकणारा कल उरतो. अरोराच्या (ध्रुवीय प्रकाशाच्या) पट्ट्याबाहेरच्या शांत भागांतून सरळ रेषा काढून तो वजा करावा का? वादळात तो पट्टा विषुववृत्ताकडे पसरतो, मग शांत भाग ठरवायचा कुठून?

दुसरं, कणमापक फक्त वरच बघतो. कणांचा प्रवाह सगळ्या दिशांनी सारखा धरून π ने गुणणं चालेल?

नुसत्या कणांवर भागवायचं नाहीये. उपग्रहांवरचं घर्षण वाढवणारी बरीचशी उष्णता विद्युतचुंबकीय वाटेनेच येते. कोणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. सोलापुरात असाल तर सात रस्त्याला लॅपटॉप घेऊन येतो.