पडक्या देवळाच्या नक्षीदार दगडांची नोंद कशी करावी? (जि. परभणी)

गोदाकाठ_गंगाखेड
मंडळी, नमस्कार. आमच्या गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. गाभारा तेवढा उभा आहे, सभामंडप आजोबांच्या काळातच बसला. त्याचे दगड बारवेच्या कडेला, पिंपळाच्या पाराला, काही शाळेच्या कुंपणात. आता लोक जीर्णोद्धाराची वर्गणी जमा करायलेत. देऊळ उभं राहावं ही माझीही इच्छा आहे, पण जेसीबी येण्याआधी दगडांची नीट नोंद व्हावी असं फार वाटतं. फोटो भरपूर काढलेत. एका दगडावर हत्तींची रांग, एकावर आरसा घेतलेली बाई, एकावर सिंहासारखं तोंड आणि त्यातून सुटलेल्या माळा. नावंच माहीत नसतील तर नोंद कशी करायची? एका लांब दगडावर मधोमध गणपती आहे, त्यावरून मूळ देऊळ गणपतीचं होतं असं गावात म्हणतात. खरं का?

पाथर_देगलूर
नावं नंतर कळतील, त्यासाठी थांबू नका. आधी जागा आणि माप लिहा. दगड आज कुठं पडलाय, कोणती बाजू वर आहे, लांबी, रुंदी, उंची. गावाचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक दगडाला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वहीत, फोटोत, नकाशात ठेवा. क्रमांक दगडावर रंगवू नका, चिठ्ठी शेजारी ठेवून एक फोटो, चिठ्ठी काढून दुसरा. शेजारी मापपट्टी हवीच.

आता माझा आग्रह: नक्षी नसलेल्या बाजूंचेही फोटो घ्या. सगळे जण सुरसुंदरीचा, म्हणजे देवळाच्या भिंतीवरच्या सुंदर स्त्रीमूर्तीचा, चेहरा टिपतात आणि दगडाची पाठ सोडून देतात. ही देवळं चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून रचलेली. त्यामुळं दगड कुठं बसत होता हे त्याच्या खाचा, खोबणी आणि घासून सपाट केलेले सांधे सांगतात. तुमच्या हत्तींचंच बघा. तो गजथर, म्हणजे देवळाच्या बांधणीतला हत्तींच्या रांगेचा आडवा थर. दगडाच्या टोकाला हत्ती अर्धाच आलाय का? मग उरलेला अर्धा शेजारच्या दगडावर असणार. एका थराचे दगड उंचीला सारखे असतात, म्हणून वहीत उंचीप्रमाणे गट पाडले की विखुरलेला थर पुन्हा जुळायला लागतो. आमच्या देगलूर तालुक्यात होट्टलला सिद्धेश्वराच्या देवळाच्या भिंतीपाशी उभं राहून थर वाचायची सवय लावा, मग पडलेला दगडही ओळखू येतो.

सिंहाचं तोंड म्हणजे कीर्तिमुख. आरसेवाली दर्पणा, सुरसुंदरींपैकी एक. तुमच्या जवळच धारासूरला गुप्तेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर अशा सुरसुंदऱ्या आहेत, ताडून बघा. गणपतीचा दगड दाराची वरची पट्टी दिसतो. मधल्या त्या जागेला ललाटबिंब म्हणतात. तिथं गणपती शिवाच्या देवळातही असतो, त्यावरून आतला देव ठरत नाही.

आणि काळाच्या रकान्यात सरसकट ‘हेमाडपंती’ लिहू नका. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, 13व्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. होट्टलसारखी चालुक्यांच्या काळातली देवळं त्याच्या आधीची. खात्री नसेल तर रकाना कोरा ठेवा.

मांजराकाठ
उजेडाचं सांगतो. दुपारी बेसॉल्टवर काही दिसत नाही. सकाळी किंवा दिवस कलताना, ऊन तिरपं असताना काढा. सावलीतल्या दगडाला रात्री बाजूनं बॅटरी धरली तर झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात. उठाव यावा म्हणून तेल चोपडू नका, खडू घासू नका, तारेचा ब्रश तर अजिबात नको, छिन्नीच्या खुणाच जातात. आमच्याकडं एका द्वारशाखेवर, म्हणजे दाराच्या नक्षीदार उभ्या बाजूवर, ऑइलपेंट फासलाय, त्याखालची वेल आता बोटानं चाचपूनच कळते.

बारव_प्रेमी
कायद्याचं लक्षात ठेवा. 1972च्या पुरावस्तूंच्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू. सुटे दगड हलवायच्या आधी ग्रामपंचायतीमार्फत राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, नोंदवहीची प्रत जोडा. सुट्या, उचलता येण्यासारख्या मूर्तींचं नेमकं ठिकाण फेसबुकवर टाकू नका. चोरीला गेलीच, तर मापं आणि तुटल्या-फुटल्याच्या खुणांसकट फोटो हीच मूर्तीची ओळख असते.

गोदाकाठ_गंगाखेड
सगळ्यांचे मनापासून आभार. पाथर दादा, टोकाला अर्धा हत्ती आहे! कुंपणातल्या दगडावर सोंडेकडचा भाग दिसतो, उद्या उंची मापतो. अजून एक. पाराला एक उभा दगड आहे, त्यावर तीन कप्पे. खाली लढाई आणि गाई, मध्ये बायका एका माणसाला वर नेतायत, सगळ्यात वर पिंड आणि चंद्र-सूर्य. हा कोणत्या थरातला?

पाथर_देगलूर
तो देवळाच्या थरातला नाही, वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. गाई आहेत म्हणजे गोधन राखताना पडलेल्या वीराचा. मधल्या अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वर तो शिवाची पूजा करतोय. त्याला वेगळा क्रमांक द्या आणि जीर्णोद्धाराच्या दगडांत मिसळू देऊ नका. कप्प्यांच्या मधल्या पट्ट्या तिरप्या उजेडात बघा, लेख असला तर तिथंच सापडेल. कुंपणातल्या हत्तीचं माप इथं टाका, वाट बघतो.