कमी मेहनतीची गॅलरीतली बाग: पश्चिमेचं ऊन, वेळ नाही, सल्ला हवा

कुंडीवाली
नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला पाचव्या मजल्यावर राहते. गॅलरी पश्चिमेची, दुपारी एकपासून मावळेपर्यंत सरळ ऊन. आम्ही दोघंही नोकरीवाले, लेक दहावीला. रोज पाणी घालणं जमेलच असं नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात गावी गेलो की दहा-बारा दिवस घर बंद. फवारण्या, खतांची वेळापत्रकं, यूट्यूबवरची केळीच्या सालांची टॉनिकं नकोत. स्वयंपाकाला थोडं काही आणि देवाला दोन फुलं मिळाली तरी पुष्कळ. त्यात सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर आमच्या खाली राहतात, थेंब गळला की इंटरकॉम वाजतो. काय लावू आणि कशात लावू?

निवांत_माळी
आधी काय लावायचं नाही ते सांगतो. टोमॅटो, गुलाब, कोथिंबीर. टोमॅटोला आधार द्या, वेडेवाकडे फुटवे काढा, पांढऱ्या माशीशी भांडा, आणि शेवटी चार फळं. गुलाबाला छाटणी आणि फवारणी दोन्ही लागतं. कोथिंबीर थंडीत ठीक, पण तुमच्या उन्हात मार्चनंतर तिला लगेच फुलं येतात. जुडी मंडईतून आणा.

आता लावायचं ते: गवती चहा, पानओवा, कढीपत्ता, मायाळू, कोरफड. पाचही झाडं आपली आपण जगतात. गवती चहा मोठ्या कुंडीत लावा, वर्षाकाठी पावसाच्या तोंडावर गड्डा फोडून अर्धा कुणाला तरी देऊन टाका, नाहीतर मुळं कुंडी भरून टाकतात. पानओव्याची फांदी खोचली की लागते, भजी होतात आणि खोकल्याला काढाही. कढीपत्ता थंडीत रुसल्यासारखा बसतो, पानं पिवळी पडून गळतात. घाबरून जास्त पाणी घालू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये पालवी फुटते.

मायाळू मात्र नक्की लावा. ग्रिलवर चढवलात तर वेल स्वतःच पडदा होतो आणि घरात येणारं ऊनही अडतं. पानांची भजी, डाळीत घालून भाजी. जांभळी फळं खाली पडली की तीच पुढच्या पावसात उगवतात, बी विकत आणायला नको.

रत्नांग्री_रिटर्न
मायाळूला +१. आमच्याकडे कोकणात परसात मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ वाढायची, बघायलाही जावं लागायचं नाही. पण ते गॅलरीत करायला जाऊ नका, अळूला पाणी सतत हवं. फुलांसाठी गोकर्ण आणि सदाफुली. सदाफुली तर फुटपाथच्या भेगेतसुद्धा येते, तिला तुमची काळजी नको असते. आणि ऊन भरपूर आहे तर एक पसरट कुंडी ऑफिस टाइमची (म्हणजे पोर्तुलाकाच्या फुलझाडाची) ठेवा. सकाळी फुलतात, दुपारनंतर मिटतात, आपल्यासारखीच.

पाचोळेवाला
झाडांच्या याद्या झाल्या, पण कशात लावायचं ते कुणी बोललं नाही. माझ्या मते कमी मेहनतीचा सगळा खेळ तिथेच आहे. लहान कुंडीत नुसती लाल माती भरलीत की उन्हाळ्यात दोन वेळा पाणी आणि दर वर्षी माती बदलण्याचा घोळ. त्याऐवजी मोठं भांडं घ्या आणि त्यात पालापाचोळा भरा. श्रीपाद अ. दाभोलकर आपल्या ‘प्रयोग परिवार’ या गटातून गच्चीवर शेती करायला शिकवायचे, तेव्हापासून पुण्या-कोल्हापुरात हे बरेच जण करतात.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या, रंगवाला नाममात्र पैशात देतो. भोकं बुडाला पाडू नका, बाजूला, तळापासून इंचभर वर पाडा. म्हणजे तळाशी थोडं पाणी शिल्लक राहतं आणि जास्तीचंच बाहेर येतं. खाली नारळाच्या शेंड्या. वर वाळलेली पानं, हाताने चुरडून, पायाने दाबून, अगदी काठोकाठ. मधेमधे शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा आणि मूठ-मूठ जुनी माती टाका, कुजवणारे जीव त्यातूनच येतात. सगळ्यात वर चार बोटं माती आणि कंपोस्ट, त्यात रोप. दोन-तीन महिन्यांत पानं खचून बादली अर्धी होते. तेव्हा रोपाच्या बाजूने पुन्हा पानं कोंबायची. खत म्हणून वेगळं काही घालावं लागत नाही.

ओल्या मातीने भरलेली हीच बादली 25-30 किलोला जाते. पाचोळ्याची एका हाताने सरकवता येते. गॅलरीचा स्लॅब लोंबता असतो, तिथे हा फरक महत्त्वाचा. आणि सेक्रेटरींसाठी बादलीखाली खोलगट ताट ठेवा. पावसाळ्यात मात्र ताटं काढून ठेवायची, साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठवडाभरात तयार होतात.

चिकित्सक
पाचोळा म्हणजे झुरळं, मुंग्या आणि वास. पाचव्या मजल्यावर हे करून बघितलेलं दिसत नाही.

पाचोळेवाला
@चिकित्सक, वास ओल्या कचऱ्याचा येतो, पानांचा नाही. लोक उत्साहात शिळा भात आणि भाजीची डेखं त्यात घालतात, मग येतात झुरळं. धागाकर्तीला कमी मेहनत हवी आहे तेव्हा ओला कचरा घालूच नये, नुसती पानं. मुंग्या झाल्या तर मिश्रण फार कोरडं पडलंय, नाहीतर वर मावा आलाय. पाण्याने भिजवा, शेंड्याकडची पानं उलटून बघा.

वऱ्हाडी_मिरची
मी नागपूरची. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तुम्ही पुणेकर कशाला उन्हाची तक्रार करता! थट्टा सोडा, पाण्याचं सांगते. बाजारातून अर्ध्या लिटरची गाडगी आणा, मातीची, बिनरंगाची. कुंडीत गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर झाकण. पाणी भिंतीतून झिरपत झाडाच्या मुळाशी जातं, वरची माती कोरडी राहते म्हणून वाफ होऊन उडत नाही. घरातला जुना माठ वापरायचा असेल तर आधी बघा तो पाणी गार करतो का. गार करत नसेल तर क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात, मग पुरूनही झिरपणार नाही. ऑइलपेंट दिलेला तर मुळीच नको.

एप्रिल-मेपुरती 50 टक्क्यांची हिरवी शेडनेट ग्रिलला बांधा. आणि काळ्या बादल्या घेऊ नका, पश्चिमेच्या उन्हात मुळं शिजतात. पांढरी बरी.

कुंडीवाली
वा, एवढे प्रतिसाद! दोन शंका. घर दहा-बारा दिवस बंद असताना गाडगं पुरेल का? नवरा ठिबकचा टायमर लावू म्हणतोय. आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालेल का?

ठिबक_सिंचन
टायमर चांगला, पण तुमच्यासाठी नाही. गॅलरीत नळ आहे का? असला तरी टाकीतलं पाणी गाळणीतून गेलं पाहिजे, नाहीतर ड्रिपर तुंबतात आणि ते कळतं झाड वाळल्यावर. एखादा पाइप निसटला तर बारा दिवस गॅलरीत तळं, खाली सेक्रेटरी. दहा कुंड्यांसाठी हा पसारा नको. 20 लिटरचा कॅन स्टुलावर ठेवा, जुन्या सुती साडीच्या पिळलेल्या वाती कॅनमधून एकेका बादलीच्या मातीत खोचा. जायच्या आधी दोन दिवस घरी असतानाच लावून बघा. वात जाड असेल तर कॅन दोन दिवसांत रिकामा होतो. जाताना सगळ्या कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा, वर पानांचा जाड थर द्या.

आरओचं म्हणाल तर, महापालिकेचं पाणी असेल तर अधूनमधून चालेल. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर नको, त्यातले क्षार आरओ आणखी वाढवून बाहेर टाकतो आणि मातीवर पांढरी पापडी धरते. त्यापेक्षा एसीचं पाणी साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

जास्वंदप्रेमी
देवाला फुलं म्हणालात आणि जास्वंद कुणी सुचवली नाही? गणपतीला लागते हो.

निवांत_माळी
मुद्दाम नाही सुचवली. जास्वंद म्हणजे पिठ्या ढेकणांचं माहेर. शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसला की समजायचं.

जास्वंदप्रेमी
ते संकरित मोठ्या फुलांच्या जातींना जास्त. माझ्याकडची गावठी एकेरी लाल आहे, तिला पावसाळ्यानंतर कधीतरी येतात. शेंडा छाटून पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते, बाकी झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारते. तेवढ्याने भागलं नाही तरच लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, संध्याकाळी. वर्षात एकदा-दोनदा. एवढंही नको असेल तर मग गोकर्णच वाहा.

कुंडीवाली
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: सहा बादल्या पाचोळ्याच्या, त्यात मायाळू, गोकर्ण, कढीपत्ता, गवती चहा, पानओवा आणि एक जास्वंद (सासूबाईंचं मत निर्णायक ठरलं). ऑफिस टाइमची पसरट कुंडी वेगळी. टायमर रद्द, नवरा नाराज. आता एवढी पानं आणू कुठून? आमच्या सोसायटीत झाडं म्हणजे पार्किंगमधले चार पाम.

पाचोळेवाला
पामची नकोत, कुजायला फार वेळ घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोथरूडच्या कुठल्याही जुन्या बंगल्यांच्या गल्लीत सकाळी चक्कर मारा. झाडणाऱ्या मावशींना रिकामी पोती आदल्या दिवशी देऊन ठेवलीत तर त्या पानं भरून ठेवतात, जाळण्यापेक्षा त्यांनाही बरं. चहापाण्याला काहीतरी द्या. शिवाय पुण्यात ब्राउन लीफ म्हणून उपक्रम आहे, पानं असणारे आणि पानं हवी असणारे यांची गाठ घालून देतो, तिथेही विचारा. सहा बादल्यांना दाबून भरलेली सात-आठ पोती लागतील, चार जास्तीची ठेवा. पानं खचली की वर्षभर तीच कामाला येतात. पोती कोरडी राहतील अशी ठेवा आणि भरायच्या आधी प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या वेचून काढा, त्या निघतातच.