श्नाउफरची १२१ विमानं: हाताचं कसब की यंत्रणेची देणगी?

धागाकर्ता:
हाइन्त्स-वोल्फगांग श्नाउफर, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन फायटर वैमानिक. १६४ मोहिमांत १२१ विमानं, सगळी रात्री पाडलेली, आणि युद्ध संपलं तेव्हा वय २३. रात्रीच्या लढाईत इतकी विमानं दुसऱ्या कोणीच पाडली नाहीत. तरी माझं ठाम मत आहे की हा आकडा मुळात यंत्रणेचा आहे. जून १९४२ मध्ये त्याने बेल्जियमवर पहिलं विमान पाडलं, तेव्हा 'हिमेलबेट' पद्धत होती. आकाशाचे भाग पाडलेले. प्रत्येक भागात एक व्युर्त्सबुर्ग रडार बॉम्बरवर, दुसरं आपल्या फायटरवर, आणि जमिनीवरचा नियंत्रक टेबलावर दोन्ही ठिपके बघत दिशा आणि उंची सांगणार. एका वेळी एकाच फायटरला. बॉम्बरांच्या वाटेवरचे भाग आधी नावाजलेल्या वैमानिकांना मिळत. बाकीचे रिकाम्या आभाळात घिरट्या घालून परत येत.

प्रतिसाद १:
ही पद्धत २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर मोडली. इंग्रजांनी 'विंडो' टाकलं, म्हणजे सुमारे २७ सेंमी लांबीच्या धातूच्या पट्ट्या. व्युर्त्सबुर्ग आणि विमानातलं लिश्टेनश्टाइन रडार, दोन्ही साधारण अर्ध्या मीटरच्या तरंगलांबीवर चालत. त्याच्या निम्म्या लांबीची पट्टी बॉम्बरसारखा प्रतिध्वनी देते. पडदे ठिपक्यांनी भरून गेले. १९४३ संपताना श्नाउफरची विमानं होती ४२. उरलेली ७९ त्यानंतरची. यंत्रणा मोडल्यावर दोन तृतीयांश काम झालं असेल, तर श्रेय यंत्रणेला कसं?

धागाकर्ता:
कारण नवी यंत्रणा आली. फायटरमधलं नवं एसएन-२ रडार सुमारे ९० मेगाहर्ट्झवर चाले, म्हणजे तरंगलांबी तीन मीटरच्या वर. त्या छोट्या पट्ट्यांचा त्याला उपद्रव नव्हता. जुलै १९४४ मध्ये एक जर्मन युंकर्स ८८ विमान चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजला उतरलं आणि हे रडार इंग्रजांच्या हाती लागलं, तोवर जर्मनांचे सुगीचे दिवस होते. ३० मार्च १९४४ च्या न्यूरेंबर्ग हल्ल्यात एका रात्रीत ९५ बॉम्बर गेले, ते उगीच नाही.

प्रतिसाद २:
दोघंही रडारवर अडकलात. एसएन-२ ला अगदी जवळचं दिसत नसे, शेवटचे काहीशे मीटर डोळ्यांनीच गाठावे लागत. श्नाउफरच्या मेसरश्मिट ११० विमानात तिघं असत: तो स्वतः, रडारच्या पडद्यावर रुम्पेलहार्ट, गनर गेन्स्लर. गेन्स्लर आधी लुडविग बेकरसोबत उडत असे. रात्रीच्या लढाईची रीत घडवणाऱ्यांपैकी बेकर एक. गेन्स्लरची अंधारातली नजर ख्यात होती. श्नाउफर, रुम्पेलहार्ट आणि गेन्स्लर, तिघांनाही नाइट्स क्रॉस हे मोठं जर्मन शौर्यपदक मिळालं. हे त्रिकूट टिकलं, हेच खरं कारण.

प्रतिसाद १:
मान्य, पण गोळी वैमानिकच झाडतो. इंग्रजांच्या लँकॅस्टर बॉम्बरच्या पोटाखाली बहुधा तोफच नसे. खालून यायचं, कारण वर आभाळावर बॉम्बरची काळी आकृती दिसते आणि आपण काळ्या जमिनीत मिसळतो. मग वेग जुळवायचा. जास्त झाला तर पुढे निघून मागच्या गनरसमोर येतो, कमी पडला तर बॉम्बर अंधारात हरवतो. नेम पंखातल्या इंधनटाक्यांवर, पोटावर नाही. बॉम्ब फुटले तर आपणही जातो. आणि बॉम्बरने निसटण्यासाठी कॉर्कस्क्रूची गिरकी घेण्याआधी हे सगळं उरकायचं. २१ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी श्नाउफरने हे १९ मिनिटांत सात वेळा केलं. पहाटेची दोन धरून त्या तारखेला नऊ लँकॅस्टर, प्रत्येकात सात माणसं. तेव्हा पेट्रोल नव्हतं, एसएन-२ वर जॅमिंग होतं, म्हणजे इंग्रज त्याचे संकेत बिघडवत. कुठे होती तुमची यंत्रणा?

धागाकर्ता:
पेट्रोल नव्हतं म्हणूनच निवडक वैमानिक उडत आणि शिकार त्यांच्यातच वाटली जाई. फेब्रुवारीतल्या सात विमानांचं कसब मी नाकारत नाही. पण ती सात बाजूला काढली तरी ११४ उरतात, आणि त्यांतली बरीचशी बॉम्बरांच्या वाटेवरच्या तळांनी दिली. बेल्जियममधला त्याचा सिंट-ट्रुइडेन तळ जर्मनीच्या रुहर या औद्योगिक पट्ट्याकडे जाणाऱ्या बॉम्बरांच्या ऐन वाटेवर होता.

प्रतिसाद २:
त्याच तळावरून इतरही उडत होते. त्यांचे आकडे शेजारी मांडा, मग बोलू.