मदत हवी आहे: एकाच शैवाकात दोन ट्रेबॉक्सिया?

शैवाकाच्या (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन) एकाच थॅलसमधल्या (शरीरातल्या) हिरव्या शैवालाचा, म्हणजे ट्रेबॉक्सियाचा, आयटीएस (वंश ओळखायला वापरतात तो डीएनएचा भाग) वाचताना पहिली साधारण १५० अक्षरं स्वच्छ येतात, पुढे सगळीकडे दुहेरी शिखरं (एकाच जागी दोन अक्षरांचे संकेत). उलट बाजूनेही तसंच, म्हणजे दोन प्रतींत एखाद-दोन अक्षरांची भर किंवा गळ असणार.

प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग निवडणारे छोटे तुकडे) शैवालापुरतेच आहेत, बुरशीचा आयटीएस येत नाही. ५ मिलिग्रॅमचा तुकडा ॲसिटोनने दोनदा धुतलाय (शैवाकातली आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया, अडवतात), डीएनए दहापट पातळ केलाय. थॅलसच्या पृष्ठभागावर वाढलेलं बाहेरचं शैवाल ब्रशने काढलंय, तरी कडेच्या खाचांत ते उरतंच.

आता हे खरंच दोन वंश, की एकाच पेशीतल्या आयटीएसच्या वेगळ्या प्रती? आधी क्लोरोप्लास्टमधला (हरितलवकातला) आरबीसीएल हा जनुक वाचावा असं वाटतं. तोही दुहेरी आला तर दोन वंशांची बाजू भक्कम होईल. क्लोनिंग (एकेक प्रत जीवाणूंत घालून वेगळी करणं) करायचं झालं, तर प्रत्येक थॅलसमागे जीवाणूंच्या किती वसाहती वाचता?