कुस्को: आईसोबत पाच दिवस कसे आखावेत?

प्रश्न
जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ६८ वर्षांच्या आईला घेऊन पेरूमधील कुस्को पाहण्याचा विचार आहे. राजधानी लिमा समुद्रकाठी, तर कुस्को सुमारे ३४०० मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ लेहइतके. आईचा रक्तदाब औषधाने नियंत्रणात आहे. हाताशी पाचच दिवस आहेत आणि माचू पिचू हे इंकांचे प्राचीन डोंगरी नगरही पाहायचे आहे. दिवसांचा क्रम कसा ठेवावा?

प्रतिसाद १
कुस्कोच्या विमानतळावरून शहरात मुक्कामाला न जाता मोटारीने थेट ओयांतायताम्बो या खोऱ्यातल्या गावी जावे. ते सुमारे २८०० मीटरवर आहे, माचू पिचू त्याहूनही खाली, सुमारे २४३० मीटरवर, आणि तिकडची रेल्वे ओयांतायताम्बोहूनच मिळते. पहिल्या तीन रात्री खाली काढून शेवटचे दोन दिवस कुस्कोला द्यावेत. आम्ही वडिलांना घेऊन नेमके उलट केले आणि त्यांचे दोन दिवस डोकेदुखीत गेले, याची मला आजही हळहळ वाटते. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. माचू पिचूची तिकिटे आधीच काढावीत. २४ जूनला इंती रायमी हा सूर्योत्सव असल्याने त्या सुमारास राहण्याची सोयही लवकर करावी लागते.

प्रतिसाद २
वरील क्रम योग्यच आहे. कुस्कोत मात्र फार ठिकाणे गाठण्याचा अट्टहास करू नये. कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ उभारला. १९५० च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, पण चुन्याविना सांधलेल्या, आतल्या बाजूला किंचित कललेल्या त्या जुन्या भिंती टिकल्या, एवढेच नव्हे तर मठाच्या बांधकामाआड दडलेला त्यांचा भाग त्यानंतर उजेडात आला. तिथे आईंना निवांत बसू द्यावे. जवळच्या हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड आहे. त्याच्या सांध्यांत सुरीचे पातेही शिरत नाही. शहरावरच्या टेकडीवरील साक्सायवामान या इंकांच्या गडाचा चढ पायी न चढता टॅक्सीने जावे. जूनमध्ये आकाश निरभ्र असते, पण रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो, तेव्हा लोकरीचे कपडे हवेतच.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार, क्रम बदलला आहे. उंचीच्या त्रासावर म्हणून तिथे सर्वत्र मिळणारा कोका या झुडपाच्या पानांचा चहा आईला द्यावा का? ती शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचे काय?

प्रतिसाद १
हा चहा पेरूमध्ये कायदेशीर आहे, परंतु रक्तदाबाचे औषध चालू असल्याने डॉक्टरांना विचारूनच द्यावा. भारतात कोकाची पाने निषिद्ध असल्याने त्याच्या पुड्या सोबत आणू नयेत. जेवणात किनवा या तिथल्या धान्याचे सूप, मक्याची कणसे आणि तऱ्हेतऱ्हेचे बटाटे मिळतात. सूप मांसाच्या रश्शात केलेले नाही ना, हे मात्र प्रत्येक वेळी विचारावे.