‘सिद्ध असा’ म्हणजे काय? आणि ‘विश्वासू’ की ‘विश्वासी’?

प्रश्न:

सर्वांना सलाम. आगमनकाळासाठी (नाताळाआधीच्या आठवड्यांसाठी) आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा बायबल अभ्यास मी घेते आहे. मत्तय २४:४४ मधलं ‘तुम्हीही सिद्ध असा’ वाचताना मुलं अडखळली. ‘सिद्ध, असा म्हणजे कसा?’ असं एकाने विचारलं. दुसऱ्याला भूमितीतलं प्रमेय आठवलं, तिसरीला सिद्धपुरुष. पुढे ‘विश्वासू दास’ आला, तेव्हा आपण मंडळीत ‘विश्वासी’ म्हणतो तेच का हे, अशी चर्चा सुरू झाली. सरळ ‘तयार राहा’ म्हटलं तर अर्थ पुरा उतरतो का? जाणकारांनी लिहावं.

उत्तर:

आधी ‘असा’. ते इथे क्रियापद आहे, ‘असणे’चं आज्ञार्थी रूप. जुन्या मराठीत ‘सावध असा’, ‘सुखी असा’ असं सहज म्हणत. आता बोलण्यात तिथे ‘राहा’ आलं, म्हणून मुलांना ते ‘असा-तसा’मधलं वाटतं. हे एकदा सांगितलं की पुन्हा अडत नाहीत.

‘सिद्ध’ मात्र नीट समजावून द्यायला हवा. ‘फौज सिद्ध झाली’, ‘पूर्वसिद्धता’, ‘सिद्धान्न’ म्हणजे शिजवून तयार झालेलं अन्न, हा त्याचा इथला अर्थ. साधना करून पूर्णत्वाला पोहोचलेला तो सिद्ध, हा अर्थ इथे आणला तर वचन पार उलटं होतं. मग प्रभू शिष्यांना ‘आधी परिपूर्ण व्हा’ असं सांगतो आहे, असं वाटू लागतं आणि साधा माणूस तिथेच खचतो. मूळ ग्रीक शब्द ‘हेतोइमोस’ अगदी रोजच्या वापरातला आहे. दोनच अध्याय आधी, मत्तय २२ मध्ये, राजा लग्नाच्या मेजवानीचं आमंत्रण पाठवतो आणि ‘सर्व तयार आहे’ असा निरोप देतो, तिथे हाच शब्द आहे. तेव्हा ‘तयार राहा’ बरोबर आहे, बिनधास्त वापरा.

फक्त तिथे थांबू नका. ‘तयार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सामान बांधून दाराशी बसलेला माणूस येतो. येशूने पुढच्याच दोन वचनांत जे चित्र उभं केलं आहे ते तसं नाही. धन्याने एका दासाला घरच्या माणसांना वेळच्या वेळी जेवण देण्याच्या कामावर नेमलं आहे. धनी येतो तेव्हा तो दास ‘तसं करताना’ सापडतो, आणि त्याला धन्य म्हटलं आहे. तो वाट पाहत उंबऱ्यावर बसलेला नाही, जेवण वाढतो आहे! लूकने १२:४२ मध्ये अन्नासाठी वेगळा शब्द घातला, त्याचा अर्थ मोजून दिलेलं धान्य, म्हणजे आपला शिधा. कोणाला किती, कधी, कोण राहून गेलं, हे बघणारा माणूस तिथे आहे. माझ्या मते ह्या साऱ्या उताऱ्याचं मर्म इथेच आहे. ‘तयारी’ हे सेवेच्या आधी उरकायचं वेगळं काम नाही. नेमून दिलेलं काम चालू असणं हीच तयारी.

त्याच अध्यायात (लूक १२:३५) ‘कंबरा बांधलेल्या आणि दिवे लागलेले असू द्या’ असंही म्हटलं आहे. पॅलेस्टाईनमध्ये पायघोळ झगे घालत. काम करायचं किंवा चालायचं तर झगा वर खेचून कमरेला खोचावा लागे. वल्हांडणाचं, म्हणजे इस्राएल लोक मिसरातून सुटले त्या रात्रीचं, पहिलं भोजनही असंच कंबर बांधून, पायात जोडे आणि हातात काठी घेऊन करायचं होतं (निर्गम १२:११). मुलांना ‘पदर खोचून कामाला लागणं’ सांगा, लगेच कळेल.

आणि दोन वचनं पुढे जे आहे त्यावर वेळ द्या, घाई करू नका. जागे सापडलेल्या दासांसाठी धनी स्वतः कंबर बांधतो, त्यांना जेवायला बसवतो आणि त्यांची सेवा करतो. त्या काळच्या घरात, जिथे दास विकत घेतला जाई, तिथे हे ऐकून लोकांना काय वाटलं असेल ह्याचा विचार करा. मी हे वचन कितीही वेळा वाचलं तरी तिथे थबकतो.

प्रतिसाद:

ह्याच उताऱ्यात दोन वचनं आधी (मत्तय २४:४२) ‘जागृत राहा’ आहे, त्याबद्दल थोडी भर. ग्रीक आज्ञा आहे ‘ग्रेगोरेइते’. ग्रेगरी हे नाव ह्याच धातूचं, म्हणजे जागा असलेला. मार्क १३:३५ मध्ये संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि पहाट असे रात्रीचे चार पहारे येतात. ही रोमी पद्धत. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर, म्हणून भाषांतरात ‘प्रहर’ छान बसतो. पण जागृत म्हणजे झोपायचं नाही, असं मुलांना वाटू देऊ नका. दहा कुमारींच्या दाखल्यात (मत्तय २५:५) वराची वाट पाहताना दहाही जणींना झोप लागते, शहाण्या पाचही त्यात आल्या. फरक दिव्यासाठी जवळ ठेवलेल्या तेलाचा होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण उपास-जागरण जमत नाही म्हणून स्वतःला कमी समजणारी माणसं मंडळीत पुष्कळ असतात. दिवसपाळी-रात्रपाळी करणाऱ्या नर्सला कोणी ‘तू जागृत नाहीस’ म्हणू नये.

प्रश्नकर्ती:

फार उपयोगी. ‘विश्वासू’चं राहिलं.

उत्तर:

हो ताई. मराठीत आपण दोन शब्द वेगळे केले आहेत. विश्वासी म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा, विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येतो तो. ग्रीकमध्ये दोन्हींना ‘पिस्तोस’ हा एकच शब्द चालतो. योहान २०:२७ मध्ये येशू थोमाला ‘विश्वास ठेवणारा हो’ म्हणतो तिथे पिस्तोस, आणि ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ तिथेही पिस्तोस. तेव्हा मुलांचा गोंधळ रास्त आहे, त्यांना दटावू नका. हे वाक्य मत्तय २५ मधल्या तालांतांच्या दाखल्यातलं. तिथे अर्थ ‘विश्वासू’ हाच, कारण परदेशी जाताना धन्याने आपली मालमत्ता दासांच्या हवाली केली आहे. इथे विश्वास आधी धन्याने टाकला. रक्कमही किरकोळ नव्हती. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. ज्याला सर्वात कमी मिळालं त्यालाही वीसेक वर्षांची कमाई मिळाली होती.

तुम्ही सुचवलेलं नाही, पण कोणी ‘प्रामाणिक’ म्हणेल म्हणून लिहितो: तो शब्द इथे तोकडा पडतो. आपला एक तालांत जमिनीत पुरून ठेवणारा दास प्रामाणिकच होता, पैसा जसाच्या तसा परत केला त्याने. विश्वासू नव्हता.

दुसरा प्रतिसाद:

‘सेवा’वरही बोलायला हवं. आपल्याकडे ‘ते सेवेत आहेत’ म्हणजे पाळक किंवा सुवार्तिक, असं ठरून गेलं आहे. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये विधवांना रोजचं अन्न वाटण्यालाही ‘दियाकोनिया’ (सेवा) हा ग्रीक शब्द आहे आणि वचनाच्या सेवेलाही ‘दियाकोनिया’च. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून सांभाळल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना हातचे उद्योग शिकवले, आणि तिथेच मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून आलं. ह्यातलं सेवा कोणतं आणि दुसरं काय, अशी फोड करताच येत नाही.

एक शंका मात्र आहे. लूक १७:१० मध्ये सगळं काम केल्यावरही ‘आम्ही निरुपयोगी दास’ म्हणायला सांगितलं आहे. मग धन्याची शाबासकी आणि हे, दोन्ही जुळतं कसं?

उत्तर:

शंका खरी आहे, आणि मूळ शब्द पाहिला तर आणखी टोकदार होते. लूकमधल्या ह्या दासांसाठी जो ‘आख्रेइओस’ शब्द आहे, तोच मत्तय २५:३० मध्ये तालांत पुरणाऱ्यासाठी आहे. पण लूकमध्ये काम करून दमलेला दास तो शब्द स्वतःबद्दल उच्चारतो, धनी त्याला तसं म्हणत नाही. मत्तयमध्ये धनी म्हणतो, आणि तो दास मात्र स्वतःचं समर्थन करत धन्यालाच कठोर ठरवतो. मुलांना दोन्ही उतारे शेजारीशेजारी वाचायला द्या आणि हा शब्द कोण कोणाला म्हणतो आहे एवढंच शोधायला सांगा.