मदत हवी आहे: 16 वर्षांच्या भाच्याकडे कट्टा सापडला, पोलिसांत कसं जायचं?

नमस्कार मंडळी, गाव दारव्हा तालुक्यात. ताईचा पोरगा अकरावीत आहे, भाऊजी गेल्यापासून माझ्याच नजरेखाली वाढला. परवा विकायला कापूस काढताना गंजीत हाताला कडक लागलं, बघतो तर जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला देशी कट्टा, मुठीला काळी चिकटपट्टी, सोबत दोन काडतुसं. हातपाय गार पडले. तसाच ठेवला, खोलीला कुलूप लावलं, चाबी माझ्याजवळ.

रात्री पोराला विचारलं तर आधी म्हणे मित्रानं ठेवाले देला, मग रडायलाच लागला. पोळ्याच्या दिवशी तालुक्याच्या पोट्ट्यांनी मारलं होतं, तेव्हापासून बसस्टँडवर अडवतात. "मामा, दाखोला तरी भेतीन ना थे, म्या काई चालवनार नोतो." एकदा एसटीत माझ्याच बाजूला बसून आला तेव्हाही दप्तरात होता म्हणे. इतके महिने पोरगं भीत होतं अन् घरात कोणालाच कळलं नाही, हे जास्त लागतं मनाला.

मोठे भाऊ म्हणतात विहिरीत टाक अन् मोकळा हो. मला नाही पटत, उन्हाळ्यात गाळ काढायला मजूर उतरतात, आणि पुरावा लपवणं हा अजून वेगळा गुन्हा.

वाचलं त्यानुसार बिनपरवाना हत्याराला आर्म्स ॲक्टच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं शिक्षा आहे, पण 18 च्या आतल्या पोराची केस बाल न्याय मंडळापुढे जाते, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, आणि ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही फुकट मिळतो.

आता सांगा, आधी वकील की सरळ ठाणेदार? कट्टा आपण घेऊन जायचा की त्यांना घरी बोलवायचं? दोन दिवस घरात राहिला म्हणून ताईवर केस होईल का? कोणी स्वतःहून जमा केला असेल तर प्लीज लिहा. देणाऱ्याचं नाव तो सांगत नाही, तो माणूस उलटला तर काय करायचं?

अन् हे एकट्या आमच्या पोराचं नाही, गावातली पोट्टे कट्टा घेऊन रील्स टाकतात. अमेरिकेत 24 छोट्या गावांचा अभ्यास झाला, त्यातल्या 12 गावांत लोकांनी मिळून पाचवी-सहावीपासूनच पोरांकडे लक्ष दिलं तर तिथे पुढे हँडगन घेऊन फिरणं कमी झालं. आपल्याकडे शाळेच्या मास्तरांना धरून असं कुठं केलंय का कोणी? त्या मारणाऱ्या पोट्ट्यांच्या घरी मी जाऊ का, की त्यानं अजून बिघडेल?

उद्या सकाळीच निघायचं म्हणतो, रात्री कितीही वाजता लिहा, जागाच आहे.